ओझोन मारणारा डबा: दाणे पहिल्या वर्गात, डबा काठावर पास

कोरोना ट्रीटर म्हणजे शाई किंवा गोंद नीट धरावा म्हणून प्लास्टिकच्या फिल्मवर विजेची ठिणगी सोडणारं यंत्र. त्याच्या एक्झॉस्टमधला ओझोन नष्ट करणारे कॅटॅलिस्टचे (उत्प्रेरकाचे) डबे सध्या नाशिक भागात सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या फिल्म-लॅमिनेशनवाल्यांना विकले जातात. त्यांच्याबद्दलचं मत आधीच सांगून टाकतो. आतले मँगनीज-तांब्याचे दाणे विश्वासाचे आहेत. साध्या तापमानाला, ज्योत किंवा मोठा हीटर न लावता ते ओझोनचा पुन्हा ऑक्सिजन करतात आणि हवा कोरडी व स्वच्छ असेल तर वर्षानुवर्षं करत राहतात. पण दाण्यांभोवतीचा डबा, त्याच्या आधीचं फिल्टर, हीटर, पाणी निघायची जागा, मोजमापाचे नळ या बाबतीत बहुतेक कोटेशनं उघडी पडतात. आणि नाशिकच्या हवेत डबा बंद पडतो तो नेमका इथेच. खरेदी करणाऱ्याने किलोचा भाव विचारण्याआधी या गोष्टी विचाराव्यात, म्हणून हे सविस्तर परीक्षण.

दाणे म्हणजे काय ते थोडक्यात. मुख्य घटक मँगनीज डायऑक्साइड, सोबत कॉपर ऑक्साइड, आणि दाणा घट्ट राहावा म्हणून ॲल्युमिना. रंग काळा-तपकिरी, दाणा साधारण अडीच ते पावणेपाच मिलिमीटरचा. जगात या प्रकारातलं सर्वांत ओळखीचं नाव अमेरिकेच्या कॅरस कंपनीचं कॅरुलाइट २००. त्याच धर्तीचे दाणे इतर कंपन्याही बनवतात. या कुळाचा मूळपुरुष हॉपकॅलाइट. पहिल्या महायुद्धाच्या काळात कार्बन मोनॉक्साइडसाठी मुखवट्यांत भरायला तो तयार झाला. जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या नावांतून त्याचं नाव आलं. शंभर वर्षांचा अनुभव पाठीशी असलेलं हे रसायन आहे, त्यामुळे त्याच्या क्षमतेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

काम कसं चालतं? ओझोनचा रेणू दाण्याच्या पृष्ठभागावर टेकतो, त्यातला एक ऑक्सिजन अणू मँगनीजला चिकटतो आणि उरलेला ऑक्सिजन वायू निघून जातो. मग दुसरा ओझोन येतो, चिकटलेला अणू सोबत घेतो आणि जागा परत मोकळी होते. दोन ओझोनचे तीन ऑक्सिजन. दाणा स्वतः खर्च होत नाही. पण ती मोकळी जागा हा या सगळ्या व्यवहाराचा जीव आहे. तिथे पाण्याचा रेणू, नायट्रिक ॲसिड किंवा गंधकाचा वायू येऊन बसला की ओझोन तसाच पुढे जातो.

मर्यादा किती ते लक्षात ठेवा. २०२५ मध्ये रद्द झालेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत ओझोनसाठी आठ तासांची सरासरी ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) आणि पंधरा मिनिटांसाठी ०.३ पीपीएम अशी मर्यादा नोंदलेली होती; इथे हेच आकडे धरले आहेत. ०.१ पीपीएम म्हणजे घनमीटरमागे जेमतेम ०.२ मिलिग्रॅम. ५ पीपीएमला अमेरिकेची नायॉश संस्था जिवाला तत्काळ धोका असलेली पातळी मानते. वास त्याहून फार कमी पातळीला, ०.०१ ते ०.०५ पीपीएमच्या आसपास येऊ लागतो. म्हणून अनेक सुपरवायझर ‘वास आला की बघू’ असं म्हणतात. हे घातक आहे. नाक थोड्याच वेळात सरावतं, मग रात्रपाळीच्या ऑपरेटरला वास येत नाही आणि छातीतली जळजळ, कोरडा खोकला घरी गेल्यावर सुरू होतो. आणखी एक गैरसमज: ओझोन हवेपेक्षा जड असतो म्हणून तो खाली बसतो, सबब एक्झॉस्ट जमिनीलगत लावा. शुद्ध ओझोन हवेच्या १.६६ पट जड असतो हे खरं, पण तीस-चाळीस पीपीएम मिसळलेल्या हवेचं वजन साध्या हवेइतकंच भरतं. ओझोन जिथे तयार होतो तिथेच, इलेक्ट्रोडच्या हुडमध्ये, ओढून घ्यावा लागतो.

आता आकाराचा हिशेब. मध्यम ट्रीटरचा एक्झॉस्ट ताशी १००० घनमीटर आणि त्यात ३० पीपीएम ओझोन आहे असं धरू. म्हणजे ताशी सुमारे ५९ ग्रॅम ओझोन. दाण्यांमधून हवा किती वेळ जाते यावर सगळं ठरतं. अशा एक्झॉस्टसाठी अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा वेळ घेऊन चालावं. ताशी १००० घनमीटर म्हणजे सेकंदाला ०.२७८ घनमीटर, त्याचं निम्मं म्हणजे १३९ लिटर. दाण्यांची घनता लिटरला ०.९ किलोच्या जवळपास धरली तर १२५ किलो माल. हवेचा वेग ०.३ मीटर प्रति सेकंद ठेवायचा तर थराचं क्षेत्रफळ ०.९३ चौरस मीटर, म्हणजे आतून ९७० मिलिमीटरचा चौकोन, आणि थराची खोली १५० मिलिमीटर. तीन मिलिमीटरच्या दाण्यांतून या वेगाने जाताना दाब साधारण १७ मिलिमीटर पाण्याएवढा घटतो. हा आकडा मोठा नाही. फिल्टर, जाळ्या आणि डक्ट धरून १०० ते १२५ मिलिमीटर पाण्याएवढा दाब देणारा ब्लोअर पुरतो. फक्त ब्लोअरचा तक्ता समुद्रसपाटीच्या हवेसाठी असतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात ३८ अंशांना इथली हवा तक्त्यातल्या हवेपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास हलकी असते. तेवढी सूट धरून ब्लोअर निवडा, नाहीतर एप्रिलमध्ये हुडमधून ओझोन हॉलमध्ये सांडतो आणि दोष कॅटॅलिस्टला जातो.

कोटेशनमध्ये ‘९५ टक्के कार्यक्षमता’ असं लिहिलेलं असेल तर ते परत पाठवा. ९५ टक्के ऐकायला भारी वाटतं, पण ३० पीपीएमचे ५ टक्के म्हणजे दीड पीपीएम, मर्यादेच्या पंधरापट. ०.१ पीपीएमपर्यंत यायला ९९.७ टक्के लागतात. आणि इथे थराची खोली फार निर्णायक आहे, कारण ओझोन थरात घातांकाने कमी होतो. जो थर अर्ध्या सेकंदात ३० पीपीएमचा ०.१ करतो, तोच निम्म्या खोलीचा केला तर बाहेर १.७ पीपीएम सोडतो. माल निम्मा, गळती सतरापट. स्वस्त कोटेशनमध्ये पैसे नेमके इथेच वाचवलेले असतात: १२५ किलोऐवजी ६० किलो. म्हणून टक्के मागू नका. ‘अमुक प्रवाहाला, आत इतके पीपीएम असताना, ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेला बाहेर इतके पीपीएम’ असं लिहून मागा. ०.१ पीपीएम ही श्वासाच्या उंचीवरची मर्यादा आहे, चिमणीच्या तोंडाची नव्हे. पण अंबडमध्ये प्लॉट इतके खेटून आहेत की एकाची चिमणी दुसऱ्याच्या खिडकीसमोर येते. शुद्ध केलेली हवा हॉलमध्येच परत सोडणार असाल तर प्रश्नच नाही, डब्याच्या तोंडाशीच ०.१ हवा.

बाजूने निसटणारी हवा हा त्याहून मोठा दोष. हवेचा फक्त एक टक्का भाग थराच्या कडेने दाण्यांना न शिवता गेला, तरी बाहेर ०.३ पीपीएम येतो, मग दाणे कितीही ताजे असोत. बाजारातल्या बऱ्याच डब्यांत दाणे उभ्या जाळीच्या चौकटीत भरलेले असतात आणि हवा आडवी जाते. जागा कमी लागते, फिल्टरसारखी चौकट ओढून बदलता येते, दिसायला सुटसुटीत. पण मशीनच्या कंपनाने दाणे खाली बसतात आणि वरच्या कडेला बोटभर फट पडते. हवा सगळ्यात सोप्या वाटेने जाते. चौकटीचाच आग्रह असेल तर वर भरणीची पेटी आणि खाली उतरणारी ओठासारखी पट्टी हवी, म्हणजे दाणे बसले तरी फट उघडी पडत नाही. आमची पसंती आडव्या थराला, ज्यातून हवा वरून खाली जाते. दाणे बसले तर थर दाबला जातो, फट पडत नाही. खालून वर हवा नेली तर वेग वाढताच दाणे हलतात, एकमेकांवर घासतात आणि पूड होते.

पाणी

नाशिकमध्ये या डब्याचं आयुष्य पाण्यावर ठरतं. जुलै-ऑगस्टमध्ये शहरात आर्द्रता दिवसचे दिवस ९० टक्क्यांच्या आसपास राहते, इगतपुरी-गोंदेकडे तर ढगच जमिनीला टेकलेले असतात. अशा हवेत दाण्यांच्या मोकळ्या जागांवर पाणी बसतं आणि क्षमता घसरते. हे नुकसान तात्पुरतं असतं. कोरडी गरम हवा, १०० अंशांच्या आसपास, काही तास फिरवली की बहुतांश क्षमता परत येते. म्हणूनच सप्टेंबरमध्ये ‘कॅटॅलिस्ट मेला’ म्हणून फेकायची घाई करू नये. आधी दोन-चार किलो माल ओव्हनमध्ये वाळवून लहान नळीत तपासून घ्यावा. खरा धोका पाण्याचे थेंब पडण्याचा. दाण्यांची छिद्रं पाण्याने भरली, वर सुकली, पुन्हा भरली की दाणा भुगा होऊ लागतो.

इलाज साधा आहे: थरात शिरण्याआधी हवा पंधरा अंश तापवा. २५ अंशांची पूर्ण ओली हवा ४० अंशांवर नेली की तिची सापेक्ष आर्द्रता १०० वरून ४३ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच राहतं, पण दाण्यावर बसायची त्याची ओढ कमी होते. ताशी १००० घनमीटर हवेसाठी याला सुमारे ५ किलोवॉट लागतात. तासाला पाच युनिट ऐकून मालक नाराज होतो, म्हणून विक्रेते हीटर ‘पर्यायी’ रकान्यात टाकतात. नाशिकसाठी तो पर्यायी धरूच नये. हीटरला आर्द्रतेचा सेन्सर जोडा, ६० टक्क्यांच्या वरच तो चालू होऊ दे. नोव्हेंबर ते मे हीटर जवळपास बंदच राहतो आणि पावसाळ्यातल्या चार महिन्यांच्या विजेत १२५ किलो दाणे वाचतात. हीटरला हवेच्या प्रवाहाचा स्विच मात्र असलाच पाहिजे. ब्लोअर बंद आणि हीटर चालू राहिला तर डक्टच जळायची.

हिवाळा वेगळ्या वाटेने दगा देतो. निफाडचा पारा खाली उतरतो तेव्हा सातपूरच्या छपरावरचे उघडे डक्टही रात्री गार पडतात. आतून हॉलची उबदार हवा, बाहेरून थंड पत्रा, आणि पहाटे डक्टच्या तळाला पाण्याची रेघ. डबा छपरावर असेल तर डक्टला २५ मिलिमीटरचं इन्सुलेशन, डब्याकडून हुडकडे हलका उतार आणि सगळ्यात खालच्या जागी पाण्याचा सापळा असलेला ड्रेन द्यावा. ड्रेनला साधा नळ लावून तो बंद ठेवायचा ही पद्धत बघायला मिळते. पाणी साठतं आणि ब्लोअर चालू होताच दाण्यांवर उडतं.

त्या पाण्यात आणखी काय असतं ते महत्त्वाचं. ट्रीटरमधली ठिणगी हवेतल्या नायट्रोजनलाही सोडत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात आणि ओलावा मिळाला की नायट्रिक ॲसिड. पातळ असतं, पण रोजचं असतं. जस्त चढवलेल्या (जीआय) डक्टमध्ये त्यामुळे पांढरी पूड धरते, तो जस्ताचा क्षय. दाण्यांवर ॲसिड बसलं तर कॉपर ऑक्साइड विरघळतं. ड्रेनमधून निळसर पाणी येऊ लागलं तर समजा की तुमचं तांबं गटारात चाललंय, आणि हे नुकसान वाळवून भरून येत नाही. म्हणून डबा, जाळ्या आणि शेवटचा डक्ट स्टेनलेस ३०४ चा, जमल्यास ३१६ चा घ्यावा. गॅस्केट व्हायटॉन किंवा पीटीएफईचं (टेफ्लॉनचं). साधं नैसर्गिक रबर ओझोनला काही आठवड्यांत तडकतं. टायरच्या बाजूंना पडतात तशा बारीक आडव्या चिरा दिसल्या की गॅस्केट चुकीचं आहे.

या बाबतीत अंबडचे फॅब्रिकेटर फार उपयोगी आहेत. स्टेनलेसचा चौकोनी डबा, सच्छिद्र पत्रा, वर दीड मिलिमीटर छिद्रांची जाळी, झाकणाला स्विंग बोल्ट हे काम इथे सफाईने होतं. परदेशी किंवा मोठ्या शहरातल्या पुरवठादाराकडून अख्खं युनिट घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीचे फक्त दाणे मागवून डबा इथेच करून घेणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. मापं हवी तशी मिळतात, आणि दुरुस्तीला माणूस अर्ध्या तासात येतो.

फिल्टर, आणि गंधक

ट्रीटरच्या हवेत फिल्मची पूड, कागदाचे तंतू आणि पृष्ठभागावरून सुटलेले चिकट अंश असतात. आधी जाड पुडीसाठी जी ४ दर्जाचा, मग बारीक पुडीसाठी एफ ७ दर्जाचा असे दोन फिल्टर हवेत, सिंथेटिक किंवा काचतंतूचे. कागदी नकोत, ओझोन त्यांना ठिसूळ करतो. दोन्हींवर पाण्याची यू-नळी लावा. पन्नास रुपयांच्या पारदर्शक नळीत दाब वाढताना डोळ्यांना दिसतो आणि फिटरला ते लगेच कळतं. तेलाची वाफ असलेल्या ठिकाणाजवळून हवा घेऊ नका. तेल आणि सिलिकॉन स्प्रे दाण्यांवर पापुद्रा धरतात. तो निघत नाही.

आता एक सूचना जी कुठल्याच पत्रकात दिसत नाही आणि नाशिक जिल्ह्यात सगळ्यात जास्त लागू आहे. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाउस आणि कोल्ड स्टोरेजमध्ये ओझोन यंत्रं लावली जातात आणि खोलीत माणूस शिरण्याआधी ओझोन काढायला हाच डबा सुचवला जातो. पण निर्यातीच्या पेटीत बुरशी रोखायला सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड असतात. मँगनीज डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड समोरासमोर आले की मँगनीज सल्फेट बनतं. म्हणजे उत्प्रेरक नुसता झाकला जात नाही, तो दुसराच पदार्थ होतो. हंगाम जानेवारी ते एप्रिल. नवा डबा त्यातच संपू शकतो. वायनरीतही हीच गोष्ट: पिंप आणि टाक्या धुवायला ओझोनचं पाणी, आणि त्याच तळघरात सल्फाइटचा वापर. अशा ठिकाणी एकतर कॅटॅलिस्टच्या आधी अल्कली लावलेल्या कार्बनचा गंधक धरणारा थर द्या, नाहीतर ओझोनचं काम आणि गंधकाचं काम एकाच हवेत होऊ देऊ नका. विक्रेत्याने हा प्रश्न विचारलाच नाही तर त्याने तुमची जागा पाहिलेली नाही असं समजा.

पर्याय काय आहेत? उष्णतेने ओझोन नष्ट करता येतो. ३५० अंशांच्या आसपास काही सेकंद ठेवला की काम होतं, पाणी-गंधकाची भीती नाही. पण ताशी १००० घनमीटर हवा तिथवर तापवायला सुमारे १०० किलोवॉट लागतात. उष्णता परत मिळवणारा एक्स्चेंजर लावला तरी ट्रीटरच्या मोठ्या, पातळ हवेसाठी हा मार्ग महागच. सक्रिय कार्बन स्वस्त, पण तो उत्प्रेरकासारखा टिकत नाही, ओझोनशी लढताना स्वतः जळत जातो. एखाद-दोन पीपीएमच्या हवेला ठीक. ऑक्सिजनपासून ओझोन बनवणाऱ्या जनरेटरच्या वायूला तो कधीही लावू नये, आगीला आमंत्रण आहे. ॲल्युमिनियमच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीवर मँगनीजचा लेप दिलेले पॅनेलही मिळतात. दाब जवळजवळ पडत नाही, हॉलमधल्या हवेतला उरलासुरला ओझोन काढायला ते छान. मात्र लेप पातळ, त्यामुळे घाणीने लवकर हरतो. ट्रीटरच्या थेट एक्झॉस्टवर ते लावणं हा पैशाचा अपव्यय आहे. विमानाच्या केबिनमध्ये येणाऱ्या हवेतला ओझोन काढायला पॅलेडियमसारख्या मौल्यवान धातूंचे उत्प्रेरक वापरतात, पण तिथे इंजिनाकडून येणारी हवा आधीच तापलेली असते. आपल्याकडे तो खर्च करायचं कारण नाही.

पाणी शुद्धीकरणाच्या ओझोन प्लांटचं गणित पूर्ण वेगळं. तिथे टाकीच्या माथ्यावरून येणारा वायू थोडा, पण त्यात ओझोन पीपीएममध्ये नाही तर वजनाच्या टक्क्यांत असतो, आणि तो वायू पाण्याच्या वाफेने पूर्ण भरलेला असतो. ओझोन फुटताना मोलमागे १४३ किलोज्यूल उष्णता सुटते. ट्रीटरच्या १०० पीपीएमला तापमान अर्धा अंश वाढतं, कळतही नाही. पण वजनाने १ टक्का ओझोन असेल तर थर सुमारे ३० अंशांनी तापतो. याचा फायदा घ्या: थराच्या आधी आणि नंतर तापमापी बसवा. जनरेटर तेवढाच चालू असताना फरक ३० वरून १२ वर आला तर कॅटॅलिस्ट झोपतोय. यापेक्षा स्वस्त इशारा नाही. उलट बाजूही पाहा: टाकी रिकामी असताना जनरेटर चालू राहिला आणि १० टक्क्यांचा वायू सरळ डब्यात आला, तर हिशेबाने ३०० अंशांची वाढ. तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेलं की जनरेटर ट्रिप व्हायलाच हवा. फेसाचा सापळा आणि थेंब अडवणारी जाळी इथे सक्तीची. सांडपाण्यात साबण असेल तर फेस वर चढून थेट थरात जातो. या कामासाठी बाजारातले तयार, आतून तापवलेले उभे डबे चांगले असतात. इथे आम्ही स्थानिक बनावटीचा आग्रह धरत नाही, कारण शुद्ध ऑक्सिजनच्या ओळीत तेलाचा बोटाचा ठसासुद्धा चालत नाही.

मोजमाप

नुसता डबा घेऊन उपयोग नाही, मोजायला नळ हवेत. तीन जागा: फिल्टरआधी, थराआधी, थरानंतर. चौथी, आणि आमच्या मते सर्वांत मोलाची, थराच्या दोन तृतीयांश खोलीवर. सहा मिलिमीटरची पीटीएफई नळी तिथवर सोडून ठेवा. बाहेर शून्य दिसत असतानाच त्या नळीत ओझोन येऊ लागतो, आणि नवा माल मागवायला वेळ मिळतो. बहुतेक डब्यांत ही नळी नसते. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही प्रत्येकाचे गुण कापतो.

हातातला इलेक्ट्रोकेमिकल मीटर इथे फसवतो. त्याला नायट्रोजन डायऑक्साइडही ओझोनसारखाच वाटतो, आणि कॅटॅलिस्ट तो वायू काढत नाही. मग डबा नीट चालत असूनही बाहेर ०.३ दिसतं आणि भांडण सुरू होतं. २५४ नॅनोमीटरवर चालणारा यूव्ही फोटोमीटर जास्त विश्वासाचा, पण छपाईच्या हॉलमधलं टोल्युइन त्यालाही चकवतं. म्हणून आधी ट्रीटर बंद करून वाचन घ्या. जे उरतं ते सॉल्व्हंटचं, ते वजा करा. शंका राहिली तर निळी इंडिगो असलेली डिटेक्टर नळी वापरा. ओझोन तिचा निळा रंग उडवतो, आणि किती लांबीपर्यंत उडाला ते नळीवरच वाचता येतं. नायट्रोजन डायऑक्साइडची वेगळी नळी सोबत ठेवली की वाद संपतो.

भरणी करताना एन ९५ किंवा त्याहून चांगला मास्क आणि हातमोजे घालाच, मँगनीजची पूड फुप्फुसात जायला नको. ही काळजी रोजंदारीवरच्या मुलाला पोतं उचलायला लावणाऱ्या सुपरवायझरने घ्यायची आहे. दाणे आधी चाळणीवर धरून पूड काढा. फूटभराहून कमी उंचीवरून ओता, पाच-पाच सेंटिमीटरचे थर लाकडी पट्टीने सपाट करा, कडेने डब्याला हलके ठोके द्या. पोतं उंचावरून ओतलं की मध्ये ढीग, कडेला पोकळी, आणि वर सांगितलेली एक टक्क्याची गळती तयार. पहिला तासभर ट्रीटर न लावता कोरडी हवा फिरवा आणि ती पूड बाहेर जाऊ द्या. रोज ब्लोअर आधी, ट्रीटर नंतर. बंद करताना ट्रीटर आधी आणि ब्लोअर पाच मिनिटांनी. हे ऑपरेटरच्या आठवणीवर सोडू नका, इंटरलॉक करा. ब्लोअर डब्यानंतर ठेवा, म्हणजे तो डब्यातून हवा ओढेल. मग सांधा गळला तर हॉलची हवा आत जाईल, ओझोन बाहेर येणार नाही.

वॉरंटीचा कागद वाचताना ‘आर्द्रता व दूषण वगळून’ हे शब्द शोधा. ते असतातच, आणि नाशिकमध्ये त्यांचा अर्थ जून ते सप्टेंबर वॉरंटी नाही असा होतो. ते खोडून त्याजागी हीटरनंतरच्या हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहील अशी अट लिहून घ्या. ही तुम्ही पाळू शकता आणि मोजू शकता. ऑर्डरमध्ये दाण्यांचे लिटर लिहा, किलो नको. दमट माल वजनाने भरतो, आकाराने नाही. दोन लिटर ताजे दाणे हवाबंद बरणीत तारीख घालून बाजूला ठेवा. दोन वर्षांनी क्षमता तपासायची वेळ आली की तुलना करायला तोच एक खरा साक्षीदार असतो.

वापरलेले दाणे भंगारवाल्याला देऊ नका आणि प्लॉटच्या मागे तर मुळीच टाकू नका. तांबं आणि मँगनीज असलेला हा कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत तो दाखवून अधिकृत विल्हेवाट किंवा पुनर्वापर केंद्राकडेच पाठवावा लागतो. माल घेतानाच पुरवठादार जुने दाणे परत घेतो का ते विचारा. काही घेतात, आणि तो वाहतुकीचा खर्च पहिल्याच कोटेशनमध्ये धरला गेलेला बरा.